गिधाडांची विषबाधा, घट आणि संवर्धन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिधाडाला मारावे म्हणून विष ठेवणारे लोक फार थोडे असतात. गिधाडांना मारणारे द्रव्य बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणासाठी वापरलेले असते. कधी ते आजारी गाईच्या दुखण्यावरचे औषध असते, कधी बिबट्यासाठी किंवा भटक्या कुत्र्यांसाठी मांसावर टाकलेले कीटकनाशक असते, तर कधी शिकाऱ्याच्या गोळीतले शिसे असते. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाते. त्यामुळे गिधाड वाचवणे म्हणजे मुख्यतः मेलेले जनावर निर्विष ठेवणे होय, आणि खालील बहुतेक उत्तरे याच एका मुद्द्याकडे येतात.

गिधाडे खरोखर किती घटली?

पक्ष्यांच्या बाबतीत इतकी जलद घट जगात क्वचितच नोंदली गेली आहे. १९८० च्या दशकापर्यंत भारतात गावोगावच्या ढोरफाडीच्या जागांवर, नदीकाठच्या उंच झाडांवर आणि शहरांच्या कडेला असलेल्या कत्तलखान्यांभोवती गिधाडांचे थवे नेहमीचे होते. पांढऱ्या पाठीचे गिधाड त्या काळात जगातील सर्वाधिक संख्येने आढळणाऱ्या मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी एक मानले जात असे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील त्याची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीचे आणि निमुळत्या चोचीचे गिधाड मिळून सुमारे ९७ टक्के कमी झाले. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर पांढऱ्या पाठीच्या दर हजार गिधाडांमागे एकच उरले.

२०१५ च्या सर्वेक्षणावरून केलेल्या अंदाजानुसार भारतात पांढऱ्या पाठीची सुमारे ६,०००, लांब चोचीची सुमारे १२,००० आणि निमुळत्या चोचीची सुमारे १,००० गिधाडे शिल्लक होती. या तिन्ही जातींना २००० साली, आणि राजगिधाडाला २००७ साली, जागतिक पातळीवर ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवण्यात आले.

कारण कसे सापडले?

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षी-अभ्यासक विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडांची घरटी मोजली होती. दहा-बारा वर्षांनी ते त्याच जागी परतले, तेव्हा घरटी ओस पडली होती आणि झाडांखाली, फांद्यांच्या बेचक्यांत मेलेली गिधाडे दिसत होती. काही जिवंत पक्षी मान खाली टाकून तासन्‌तास निश्चल बसून राहत. अन्नाची टंचाई नव्हती. मेलेली जनावरे जागोजागी पडलेली होती, खाणारे मात्र संपत चालले होते.

सुरुवातीला बहुतेकांना एखाद्या विषाणूचा संशय आला, आणि तो स्वाभाविकही होता, कारण इतक्या विस्तृत प्रदेशात एकाच वेळी पक्षी मरणे हे साथीचेच लक्षण वाटते. पाकिस्तानात अमेरिकी पशुवैद्यक संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या गिधाडांची शवविच्छेदने केली. विषाणू, जड धातू, कीटकनाशके असे एकेक कारण तपासून बाजूला पडत गेले. तेव्हा त्यांनी प्रश्नच बदलला. गिधाडांचे अन्न म्हणजे पाळीव जनावरे, तर त्या जनावरांना हल्ली कोणते औषध दिले जाते, आणि त्यांपैकी मूत्रपिंडाला इजा करणारे कोणते, याची चौकशी त्यांनी पशुवैद्यक आणि औषध विक्रेत्यांकडे केली. उत्तर आले डायक्लोफेनॅक. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या २५ गिधाडांपैकी २५ च्या शरीरात ते सापडले. इतर कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकाच्याही शरीरात नव्हते. हे संशोधन २००४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि थोड्याच अवधीत भारत व नेपाळमधील मृत गिधाडांमध्येही तेच कारण आढळले.

डायक्लोफेनॅक गिधाडाच्या शरीरात काय करते?

हे वेदना, ताप आणि सूज कमी करणारे औषध आहे. लंगडणाऱ्या बैलाला, ताप आलेल्या म्हशीला, कासदाह झालेल्या गाईला ते दिले की तासाभरात आराम दिसतो. स्वस्तही असल्याने ते झपाट्याने लोकप्रिय झाले. जनावर बरे झाले तर काही दिवसांत औषध त्याच्या शरीरातून निघून जाते. औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर मेले तर मात्र ते यकृत, मूत्रपिंड आणि मांसात शिल्लक राहते, आणि मरणासन्न जनावरालाच वेदनाशामक देण्याचे प्रमाण जास्त असते, हे येथे लक्षात घ्यायला हवे.

पक्षी शरीरातील नत्रयुक्त कचरा युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात. डायक्लोफेनॅकमुळे गिधाडाचे मूत्रपिंड बंद पडते, रक्तात युरिक आम्ल साचत जाते आणि त्याचे स्फटिक अवयवांवर बसू लागतात. अशा गिधाडाचे शवविच्छेदन केले असता हृदयावर, यकृतावर आणि आतल्या आवरणांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसतो. विषारी मांस खाल्ल्यापासून साधारण दोन दिवसांत पक्षी मरतो. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाच्या शरीराच्या दर किलो वजनामागे एक-दोन दशांश मिलिग्रॅम एवढी मात्राही प्राणघातक ठरू शकते. याउलट अमेरिकेतील टर्की गिधाडाला याच्या शंभरपटीहून अधिक मात्रा देऊनही काही झाले नाही. एका जातीवर केलेली चाचणी दुसऱ्या जातीसाठी गृहीत धरता येत नाही, ते यामुळेच.

थोड्याच जनावरांमध्ये हे औषध असताना जवळजवळ सगळी गिधाडे कशी मेली?

हा प्रश्न अतिशय रास्त आहे, आणि त्याचे उत्तर गिधाडाच्या खाण्याच्या पद्धतीत दडलेले आहे. एका शवावर एकाच वेळी पन्नास-शंभर गिधाडे उतरतात. ते शव विषारी असेल तर एकाच बैठकीत संपूर्ण थवा सापडतो. शिवाय प्रत्येक गिधाड वर्षभरात अनेक शवांवर जेवते. समजा, एक गिधाड दर तिसऱ्या दिवशी खाते, म्हणजे वर्षाला सुमारे १२० वेळा. दर दोनशे शवांपैकी केवळ एकच विषारी आहे असे धरले, तरी त्या गिधाडाची वर्ष निभावून नेण्याची शक्यता पंचावन्न टक्क्यांवर येते. असे दहा वर्षे चालू राहिले तर काय उरेल, हे वेगळे सांगायला नको. संशोधकांनी अधिक काटेकोर गणित मांडले तेव्हा प्रत्यक्षात दिसलेली घट घडून येण्यासाठी दर १३० ते ७६० शवांमागे एक विषारी शव पुरेसे ठरते, असे दिसून आले. भारतात २००४-०५ मध्ये गोळा केलेल्या नमुन्यांत हे प्रमाण जवळपास दहात एक होते.

दुसरी बाजू जननाची. ही गिधाडे वर्षाला एकच अंडे घालतात, पिल्लू अनेक महिने आईबापांवर अवलंबून असते, आणि ते स्वतः वीण करण्याइतके मोठे व्हायला चार ते सहा वर्षे लागतात. दीर्घायुष्यावर बेतलेली ही जीवनपद्धती आहे. प्रौढ पक्षीच मरू लागले तर पिल्लांच्या जोरावर ती तूट भरून निघत नाही.

बंदी घातल्यावर प्रश्न सुटायला हवा होता. तो का सुटला नाही?

भारताने २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकचे परवाने मागे घेतले आणि २००८ मध्ये राजपत्रातून बंदी अधिसूचित केली. नेपाळ आणि पाकिस्ताननेही २००६ मध्ये, तर बांगलादेशाने २०१० मध्ये बंदी आणली. कारण उघड झाल्यापासून दोन-तीन वर्षांत तीन देशांनी निर्णय घेणे ही साधी गोष्ट नव्हती, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. त्याचा परिणामही दिसला. भारतातील शवांमध्ये डायक्लोफेनॅक सापडण्याचे प्रमाण २००७-०८ पर्यंत साडेसहा टक्क्यांच्या आसपास उतरले.

परंतु माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक कायदेशीरच राहिले, आणि पळवाट तिथे होती. ते ३० मिलिलिटरच्या, अनेक मात्रांच्या कुपीत मिळत असे. माणसाला एका वेळी साधारण ३ मिलिलिटर लागते. एवढी मोठी कुपी गाय-म्हशीसाठी मात्र अगदी सोयीची होती. बाटलीवर ‘जनावरांसाठी नाही’ असे छापलेले असले तरी दुकानातून ती थेट गोठ्यात जात होती. अखेर जुलै २०१५ मध्ये इंजेक्शनच्या डायक्लोफेनॅकची कुपी एका मात्रेपुरती, म्हणजे ३ मिलिलिटरचीच असेल, असा आदेश निघाला. औषध कंपन्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले, पण २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

माझ्या मते या सगळ्या लढ्यातील सर्वांत मोलाचा निर्णय हाच. कुपी लहान झाल्याने एका म्हशीसाठी चार-पाच कुप्या फोडाव्या लागू लागल्या आणि स्वस्ताई व सोय या दोन्ही गोष्टी संपल्या. उपदेशाने जे साधले नव्हते ते बाटलीचा आकार बदलून बऱ्याच अंशी साधले. तरीही ग्राहक बनून केलेल्या दुकानांच्या पाहण्यांत त्यानंतरही काही ठिकाणी जनावरांसाठी डायक्लोफेनॅक विकले जात असल्याचे आढळले आहे, त्यामुळे पाहणी थांबवता येत नाही.

डायक्लोफेनॅक सोडून इतर औषधे सुरक्षित आहेत का?

सगळी नाहीत. एक औषध बंद झाले की त्याच गटातील दुसरे बाजारात त्याची जागा घेते, आणि ते दुसरेही गिधाडांना मारते की काय हे कळेपर्यंत वर्षे निघून जातात. कीटोप्रोफेन गिधाडांना घातक असल्याचे प्रयोगांनी दाखवून दिले. अ‍ॅसिक्लोफेनॅक तर गाय-म्हशीच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकमध्येच रूपांतरित होते, म्हणजे केवळ नाव बदलून तेच विष परत आले होते. बांगलादेशाने २०२१ मध्ये कीटोप्रोफेनवर देशभर बंदी घातली. भारताने जुलै २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक या दोन्हींच्या जनावरांसाठीच्या वापरावर, आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवर बंदी घातली. फ्लुनिक्सिन आणि कार्प्रोफेन यांच्याविषयीही घातकतेचे पुरावे आहेत.

तपासून सुरक्षित ठरलेली औषधे दोन आहेत. मेलॉक्सिकॅमची सुरक्षितता आधी आफ्रिकेत आणि नंतर भारतात गिधाडांवर चाचण्या घेऊन २००६ मध्ये सिद्ध झाली. पुढे बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या सहभागाने झालेल्या चाचण्यांतून टॉल्फेनॅमिक अ‍ॅसिडही सुरक्षित असल्याचे दिसले. दोन्ही औषधे जनावरांच्या दुखण्यावर, तापावर आणि सुजेवर गुणकारी आहेत. नवे वेदनाशामक जनावरांसाठी बाजारात येण्यापूर्वीच गिधाडांवरील परिणामांच्या दृष्टीने त्याची तपासणी सक्तीची असावी, अशी संवर्धकांची जुनी मागणी आहे. एकेका औषधावर दहा-पंधरा वर्षे लढत बसण्यापेक्षा तोच मार्ग शहाणपणाचा आहे.

पशुपालकाने नेमके काय करावे?

जनावराला इंजेक्शन देताना कुपीवरचे नाव वाचावे आणि वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम किंवा टॉल्फेनॅमिक अ‍ॅसिड द्यावे, असे पशुवैद्यकाला किंवा पशुधन पर्यवेक्षकाला आवर्जून सांगावे. दुकानातून स्वतःच औषध आणून टोचू नये. आजारात जनावर दगावले आणि शेवटच्या आठवड्यात त्याला कोणते वेदनाशामक दिले होते याची खात्री नसेल, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे. खात्री असेल आणि गिधाडे येणारी जागा जवळ असेल, तर ते शव तिथे पोहोचवणे ही गिधाडांना केलेली थेट मदत ठरते. गुंगीचे औषध देऊन मारलेल्या जनावराचे शवही कधीच उघड्यावर ठेवू नये. त्या औषधाचे अंश खाणाऱ्या प्राण्यांना मारू शकतात.

कीटकनाशकांची विषबाधा ही वेगळी समस्या आहे का?

होय, आणि ती अधिक क्रूर आहे. वाघ-बिबट्याने गाय मारली किंवा भटक्या कुत्र्यांनी शेळ्या फाडल्या की रागावलेला माणूस उरलेल्या मांसावर शेतात फवारायचे कीटकनाशक ओततो. कार्बोफ्युरानसारखी कार्बामेट गटातील आणि फॉस्फरसयुक्त गटातील कीटकनाशके चेतातंतूंचे संदेश थांबवणाऱ्या विकराला निकामी करतात. पक्ष्याचे स्नायू आकसत जातात, श्वास अडखळतो आणि पुष्कळदा तो शवापासून काही पावलांवर कोसळतो. काहींच्या चोचीत मांसाचा तुकडा तसाच असतो, गळ्याखालची पिशवी भरलेली असते. डायक्लोफेनॅक खाल्लेले गिधाड दूर आपल्या झाडावर जाऊन एकटे मरते, त्यामुळे त्याचा मृत्यू कुणाच्या नजरेस पडत नाही. कीटकनाशकाने मेलेली गिधाडे मात्र एकाच जागी ढिगाने सापडतात.

आसाममध्ये अशा घटना वारंवार घडल्या आहेत. मार्च २०२२ मध्ये कामरूप जिल्ह्यातील छयगावजवळ जवळपास शंभर गिधाडे एकाच वेळी मेलेली आढळली. त्यांत बहुसंख्य हिमालयी गिधाडे होती, जी हिवाळ्यात मैदानात उतरतात. विषाचा रोख कुत्र्यांवर होता असे मानले जाते. कुत्र्यांचा किंवा बिबट्याचा त्रास खरा असतो, हे नाकारून उपयोग नाही. ज्या ठिकाणी जनावर मारले गेल्यावर नुकसानभरपाई पंचनाम्यासह लवकर हातात पडते, तिथे विष टाकण्याची प्रवृत्ती कमी होते. भरपाई महिनोन्‌महिने अडकली की संतापलेल्या माणसाला कीटकनाशकाची बाटली जवळची वाटू लागते.

आफ्रिकेतील परिस्थिती कशी आहे?

तिथे गिधाडांना मुद्दामही मारले जाते. हत्ती मारला गेला की आकाशात घिरट्या घालणारी गिधाडे वनरक्षकांना त्या जागेचा पत्ता देतात. म्हणून हस्तिदंताचे चोर दात काढून घेतल्यावर शवावर विष टाकून जातात, जेणेकरून पुढच्या वेळी वर घिरट्या घालायला गिधाडेच उरू नयेत. जून २०१९ मध्ये बोट्स्वानात तीन हत्तींच्या विषारी शवांवर ५३७ गिधाडे आणि दोन गरुड मेले. ज्या पक्ष्याची जोडी वर्षाला एकच पिल्लू वाढवते, त्याच्यासाठी हा एका दिवसातला आघात कित्येक वर्षांच्या विणीवर पाणी फिरवणारा आहे. गिनी-बिसाऊमध्ये २०१९-२० च्या सुमारास दोन हजारांहून अधिक टोपीवाली गिधाडे मारली गेली, आणि त्यामागे जादूटोण्यासाठी व पारंपरिक उपचारांसाठी गिधाडाच्या डोक्यांना असलेली मागणी हे कारण पुढे आले.

आफ्रिकेत नोंदलेल्या गिधाडांच्या मृत्यूंपैकी ६१ टक्के विषबाधेने आणि २९ टक्के अशा व्यापारासाठी झाल्याचे एका व्यापक अभ्यासात दिसले होते. त्यावर तिथे तातडीच्या प्रतिसादाची एक चांगली पद्धत उभी राहिली आहे. वनरक्षकांना विषबाधेची जागा ओळखायला, जिवंत पक्ष्यांना अ‍ॅट्रोपिनसारखा उतारा द्यायला, पुरावे गोळा करायला आणि विषारी शव जाळून टाकायला शिकवले जाते. काही गिधाडांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवलेले असते. ते पक्षी एखाद्या जागी उतरून हलेनासे झाले की पथक तिकडे धावते. पहिल्या काही तासांत शव नष्ट केले तर नंतर येणारे थवे वाचतात. स्थलांतर करणाऱ्या प्रजातींविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली २०१७ मध्ये मान्य झालेला बारा वर्षांचा कृती आराखडा आफ्रिका, युरोप आणि आशियातील पंधरा जातींच्या गिधाडांसाठी आहे आणि त्यात विषबाधेला अग्रक्रम दिलेला आहे.

शिशाचा संबंध कुठे येतो?

शिकारीच्या गोळीचा शिशाचा भाग मांसात शिरताना फुटतो आणि त्याचे बारीक कण आजूबाजूला विखुरतात. शिकाऱ्याने टाकून दिलेली आतडी किंवा हाती न लागलेले जखमी जनावर खाणाऱ्या पक्ष्याच्या रक्तात ते शिसे भिनते. कॅलिफोर्निया कॉन्डॉर हा अमेरिकेतील महाकाय पक्षी मोठ्या प्रमाणात यामुळेच नामशेष होण्याच्या टोकाला गेला. १९८२ साली तो अवघा २२ उरला होता. १९८७ मध्ये शेवटचा मुक्त पक्षीही पकडून सर्व २७ जणांना बंदिस्त प्रजननात ठेवण्यात आले आणि १९९२ पासून पुन्हा मुक्त सोडणे सुरू झाले. आज त्यांची संख्या काही शेकड्यांत आहे. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. त्याआधी आणि नंतरही कित्येक कॉन्डॉर पकडून त्यांच्या रक्तातील शिसे औषधाने उतरवावे लागले आहे. प्रजनन यशस्वी झाले तरी अन्न विषारी असेल तर काय होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

युरोपने डायक्लोफेनॅकला परवानगी कशी दिली?

आशियातील अनुभव समोर असताना स्पेनमध्ये २०१३ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकला मान्यता मिळाली. युरोपातील बहुतांश गिधाडे त्याच देशात आहेत. पुढे तेथील काळ्या गिधाडाच्या एका पिल्लाचा मृत्यू याच औषधाने झाल्याचे तपासणीत सिद्ध झाले. मेलॉक्सिकॅम उपलब्ध असताना ही परवानगी टिकून राहावी, याचे कोणतेही पटणारे कारण दिसत नाही.

गिधाडे नाहीशी झाली तर माणसाचे काय बिघडते?

पुष्कळ बिघडते, आणि ते मोजलेही गेले आहे. गिधाडांचा मोठा थवा बैलाचे शव तासाभरात हाडांपर्यंत साफ करतो. ती गेल्यावर शवे दिवसेंदिवस कुजत राहिली आणि त्यांवर भटकी कुत्री वाढली. १९९२ नंतरच्या साधारण दहा वर्षांत भारतातील कुत्र्यांची संख्या यामुळे किमान ५५ लाखांनी वाढली आणि कुत्र्यांच्या चाव्यांमुळे रेबीजचे सुमारे ४८,००० जादा मृत्यू झाले, असा अंदाज २००८ मधील एका अभ्यासाने मांडला. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी गिधाडे विपुल असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांतील मृत्युदरांची तुलना केली. २००० ते २००५ या काळात गिधाडे गेल्यामुळे सुमारे पाच लाख माणसे अधिक दगावली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मृतदेह दोखम्यात, म्हणजे उघड्या छताच्या वास्तूत, गिधाडांसाठी ठेवण्याची पारशी समाजाची अंत्यविधीची परंपराही याच घटीमुळे अडचणीत आली आणि मुंबईत सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे लावण्याची वेळ आली.

गिधाडे रोग पसरवत नाहीत का?

नाही. गिधाडाच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की कुजक्या मांसातील बहुतेक रोगजंतू त्यात टिकाव धरत नाहीत. गावाजवळ गिधाडे बसलेली दिसली म्हणून त्यांना हुसकावण्याचे काहीही कारण नाही.

बंदिस्त प्रजनन केंद्रे काय काम करतात?

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि हरियाणा वनविभाग यांनी २००१ मध्ये पिंजोर येथे गिधाडांसाठी केंद्र सुरू केले. सुरुवातीला ते आजारी गिधाडांच्या तपासणीसाठी होते, पुढे ते प्रजननाचे मुख्य केंद्र झाले. पश्चिम बंगालमधील राजाभातखावा, आसाममधील राणी आणि मध्य प्रदेशातील भोपाळ येथेही अशी केंद्रे आहेत. जोडीने घातलेले पहिले अंडे काढून यंत्रात उबवले तर जोडी पुष्कळदा दुसरे अंडे घालते, त्यामुळे एका हंगामात दोन पिल्ले मिळू शकतात. मोठ्या जाळीदार पिंजऱ्यांत ही पिल्ले थव्याने वाढतात आणि माणसाशी त्यांची सलगी होऊ दिली जात नाही.

पिंजोरहून ऑक्टोबर २०२० मध्ये पांढऱ्या पाठीची आठ गिधाडे मुक्त करण्यात आली. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील ताडोबा-अंधारी आणि पेंच व्याघ्र प्रकल्पांत पिंजोरची प्रत्येकी दहा गिधाडे आणून ठेवण्यात आली, म्हणजे परिसराची सवय झाल्यावर ती तिथूनच सोडता यावीत. मुक्त केलेल्या पक्ष्यांवर उपग्रह यंत्रे असतात, आणि एखादा मेला तर तो कशाने मेला हे तपासले जाते. या पक्ष्यांकडे केवळ संख्येत पडलेली भर म्हणून पाहू नये. ते ज्या प्रदेशात जगतात तो निर्विष झाल्याची, आणि जिथे मरतात तिथे विष शिल्लक असल्याची ती साक्ष आहे. भोवतालचा प्रदेश स्वच्छ नसताना घाईने पक्षी सोडणे म्हणजे वीस वर्षांच्या मेहनतीचा बळी देणे होय. म्हणूनच केंद्रांनी दाखवलेला संयम मला योग्य वाटतो, मग त्याला कितीही उशीर म्हणोत.

‘गिधाड सुरक्षित क्षेत्र’ आणि ‘गिधाड उपाहारगृह’ म्हणजे काय?

गिधाडांच्या वसाहतीभोवती साधारण शंभर किलोमीटर त्रिज्येच्या प्रदेशातून घातक औषधे हद्दपार करण्याचा प्रयत्न म्हणजे सुरक्षित क्षेत्र. औषध दुकानांची पाहणी, शवांच्या नमुन्यांची तपासणी, पशुवैद्यकांशी आणि गावकऱ्यांशी सतत संपर्क हे त्याचे मुख्य काम असते. नेपाळमध्ये हे सर्वांत चांगले साधले. तेथील दुकानांतून जनावरांसाठीचे डायक्लोफेनॅक जवळजवळ नाहीसे झाले आणि २०१३ च्या सुमारास पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घसरण थांबून संख्या पुन्हा वाढू लागली. संपूर्ण दक्षिण आशियासाठी ही आशेची सर्वांत ठोस घटना आहे.

उपाहारगृह म्हणजे गिधाडांसाठी खात्रीशीर मांस ठेवण्याची जागा. नेपाळमधील पूर्वीच्या नवलपरासी जिल्ह्यात पिठौली येथे २००६ पासून गावकरी असे एक ‘जटायु रेस्टॉरंट’ चालवतात. म्हातारी, भाकड जनावरे तिथे आणून सांभाळली जातात, त्यांना घातक औषधे दिली जात नाहीत, आणि नैसर्गिक मृत्यूनंतर ती गिधाडांना मिळतात. महाराष्ट्रातही काही ठिकाणी असे उपक्रम झाले आहेत. मात्र गिधाड एका दिवसात दूरवर भटकते आणि वाटेत दिसेल त्या शवावर उतरते, त्यामुळे उपाहारगृह हा आधार आहे, संरक्षणाची भिंत नव्हे. सभोवतालच्या प्रदेशात औषधांवर नियंत्रण नसेल तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो.

विषाखेरीज आणखी कोणते धोके आहेत?

विजेच्या तारांचा धक्का, घरटी असलेली जुनी उंच झाडे तोडली जाणे, कड्यांवरील घरट्यांजवळ होणारा उपद्रव, पतंगाचा मांजा, आणि लोहमार्गावर मेलेली जनावरे खाताना रेल्वेची धडक. विषबाधेने आधीच खंगलेल्या समूहाला हे छोटे तोटेही जड जातात.

गिधाड मारल्यास कायद्याने काय शिक्षा आहे?

भारतात गिधाडांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यांना मारणे, पकडणे किंवा त्यांची अंडी-घरटी नष्ट करणे यासाठी तीन ते सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंडाची तरतूद आहे. विष दुसऱ्या प्राण्यासाठी ठेवले होते, हा बचाव नैतिकदृष्ट्याही टिकत नाही, कारण उघड्यावरचे विष कोण खाईल हे ठेवणाऱ्याच्या हातात नसते.

मेलेले किंवा आजारी गिधाड दिसल्यास काय करावे?

सर्वप्रथम जवळच्या वनविभागाच्या कार्यालयाला कळवावे आणि जागेचे छायाचित्र, वेळ व नेमके ठिकाण नोंदवून ठेवावे. पक्ष्याला, आसपासच्या मांसाला किंवा तिथे पडलेल्या बाटल्या-पुड्यांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये, कारण काही कीटकनाशके त्वचेतूनही शरीरात जातात. कुत्री, गुरे आणि मुले यांना त्या जागेपासून दूर ठेवावे. जवळ एखादे जनावर मेलेले पडले असेल तर ते हलवू नये, पण अधिकारी येईपर्यंत आणखी गिधाडे किंवा घारी त्यावर उतरणार नाहीत, इतपत अंतरावर थांबून त्यांना हाकलत राहावे. मेलेले गिधाड स्वतःहून पुरून टाकू नये. त्याचे यकृत आणि मूत्रपिंड तपासल्याशिवाय ते औषधाने मेले की कीटकनाशकाने हे कळत नाही. उष्णतेत हे अवयव एक-दोन दिवसांत कुजून तपासणीच्या पलीकडे जातात, म्हणून कळवण्यात एका संध्याकाळचाही उशीर करू नये.